गरी, भरती आणि घरचं कॅलेंडर: प्रकल्प नोंदी

२० ऑगस्ट २०२४, मंगळवार

काल नारळी पौर्णिमा झाली, पावसाचा जोर कमी होतोय, आणि या सीझनला गरवायला (गरीने, म्हणजे गळाने मासे धरायला) जाणं "जमलं तर" वर सोडायचं नाही असं पक्कं ठरवलंय. म्हणून हा प्रकल्प, आणि कंपनीत जॉबकार्ड भरतो तशा त्याच्या नोंदी. काम एका वाक्यात: नोकरी, आईबाबा, मुलांची शाळा, बायकोचा वेळ यातलं काहीही न कापता गरी टाकायला नियमित जाता येईल असं वेळापत्रक बसवायचं.

हातात काय आहे ते आधी लिहून ठेवतो. मी रत्नागिरीत एमआयडीसीमध्ये मेंटेनन्सला, जनरल शिफ्ट, नऊ ते साडेपाच, सुट्टी रविवारची, पण मशीनचं मोठं काम निघालं की शटडाऊन रविवारीच लागतो. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मुलगी आठवीत, स्कॉलरशिपचं वर्ष. मुलगा दुसरीत. बाबा चौऱ्याहत्तरचे, ऑक्टोबरमध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. घरापासून भाट्ये स्कूटरवर पंधरा मिनिटं आणि मांडवी जेटी त्याहून जवळ, म्हणजे पाणी लांब आहे ही सबब मला नाहीच.

बायकोची अट एकच. "जा, पण मला आठवडाभर आधी कळू दे. आदल्या रात्री अकरा वाजता 'उद्या पहाटे जातोय' असं नको, मग माझा रविवार तुमच्यावर अवलंबून राहतो." बरोबर आहे. मला पाणी कधी हवंय ते जर आठवडाभर आधी सांगता येत असेल तर तिला तिचं ठरवता येईल, आणि पाण्याचं तर वर्षभर आधीही सांगता येतं.

२५ ऑगस्ट, रविवार

आज बाबांबरोबर तक्ता करायला बसलो. बाबा पूर्णगडचे, मुचकुंदीच्या खाडीवर लहानपण गेलेलं, रॉड रील काही नाही, तंगूस (नायलॉनची दोरी) बोटाला गुंडाळून शिसं भिरकावायचं आणि बोटावर मासा ओळखायचा. त्यांनी कालनिर्णय पुढ्यात घेतलं आणि म्हणाले, "तिथीची पाऊणपट कर, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. त्याच्या आधी सहा तास सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी."

कोकणात हा हिशोब सगळ्यांना माहीत असतो, पण ऑफिसच्या वेळेशेजारी तो मांडून बघितला तेव्हा खरी गंमत कळली. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमा, अमावास्येला सव्वाअकरा. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकत जाते. हा अंदाज आहे, छापील तक्त्यात अर्धा पाऊण तास इकडे तिकडे दिसतं, पण प्लॅनिंगला पुरेसा आहे आणि बाबा तो झोपेत पण करतात.

आता मला मिळू शकणारा वेळ म्हणजे सकाळी सहा ते नऊ, नाहीतर संध्याकाळी सहाच्या पुढे. पौर्णिमा अमावास्येला उधाण असतं, पाण्याला ओढ असते, मासा फिरतो, पण नेमकं त्या दिवसांत सकाळी सहाला खाडी रिकामी असते आणि पाणी भरतं तेव्हा मी कंपनीत. अष्टमीला सकाळी सहाला खाडी भरलेली असते पण ती भांगाची भरती, पाणी जेमतेम हलतं. मधले दिवस बघितले तर दशमी ते त्रयोदशी, भरती साडेसात ते पावणेदहा, म्हणजे उजाडल्यापासून चढतं पाणी, आणि भांग संपून पाणी उधाणाकडे निघालेलं. संध्याकाळीही तेच, साडेसात ते दहा. शुक्ल पक्षात चार दिवस, कृष्ण पक्षात चार दिवस. महिन्यात हे आठ दिवस माझे, बाकीच्या दिवशी मनात समुद्र आणायचाच नाही. हे ठरल्यावर डोकं एकदम हलकं झालं, कारण आत्तापर्यंत रोज संध्याकाळी घरी येताना भाट्याच्या पुलाकडे मन ओढायचं.

१ सप्टेंबर, रविवार

पाणी अजून गढूळ आणि गोडं, शिवाय श्रावण संपायचाय, घरात मासे बंद. म्हणून आज सामानाचं काम केलं. रील उघडून जुनं ग्रीस काढलं, नवीन भरलं, ब्रेड लाईन (विणलेली दोरी) उलटी करून भरली म्हणजे न वापरलेला भाग वर आला.

जास्त वेळ दिला तो तयारीला. मासेमारीचा वेळ पाण्यावर जात नाही, घरातून निघण्याआधी आणि आल्यावर जातो. हुक शोधा, लीडर (हुकाजवळचा मजबूत दोरीचा तुकडा) बांधा, कोळंबी आणायला मार्केटला जा, यातच एक तास. तर आता असं केलंय: एकच बॅग, ती दारामागे. आत छोट्या झिपच्या पाकिटांत तयार बांधलेल्या गऱ्या, मुडदुशीसाठी ८ नंबरचा बारीक हुक आणि हलकं शिसं, तांबोशीसाठी चाळीस पाऊंडाचा लीडर आणि जाड हुक, दोन तीन जिगहेड (शिसं ओतलेले हुक) आणि रबरी मासे. पक्कड, हेडलॅम्प, पाण्याची बाटली, जुना टॉवेल. कोळंबी एकदाच घ्यायची, मूठ मूठ पुड्या करून फ्रीजरला. फ्रीजरचा मुद्दा चर्चेला आला, झाकणाचा वेगळा डबा, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, आणि श्रावणात, गणपतीत तो डबा घरात नसणार, हे मान्य करून सही झाली.

परत आल्यावर रॉड रील गोड्या पाण्याने धुणं, मासा साफ करणं, ओटा आणि बादली धुणं हे सगळं माझं. ते "गरवायच्या वेळेत" धरायचं. घरातून पाय बाहेर पडल्यापासून हात धुऊन चहाला बसेपर्यंत तीन तास, त्यात पाण्यावर दोनच. आधी दोन तास कमी वाटले होते, पण चढत्या पाण्याचे योग्य दोन तास मिळाले तर बाकीचे चार तास नुसतं बसणंच असतं हे इथल्या कुठल्याही गरवणाऱ्याला विचारा.

१३ सप्टेंबर, शुक्रवार, पूर्णगड

गणपतीला गावी आलोय. घरात पाहुण्यांची रीघ, मुंबईहून दोन्ही काकांची कुटुंबं, आरत्या, भजनं, रात्री जागरण. काल गौरीबरोबर आमचे गणपती गेले. इतके दिवस गरीला हात लावला नाही आणि लावायचाही नव्हता, वर्षातून एकदा सगळे एका पंगतीला बसतात.

आज दशमी. सकाळी चुलत भाऊ आणि मी खाडीवर, बाबांना खुर्ची टाकून दिली. भावाने जवळजवळ वीस वर्षांनी गरी हातात घेतली. एक शेंगटी आणि बोटभर गोबरा, गोबरा सोडला. शेंगटीचा काटा विषारी, भाऊ हाताने धरायला गेला तर बाबा खुर्चीतून ओरडले, "पाय ठेव तिच्यावर, मग पक्कड!" आठ वाजता सगळे घरी घावण्याला.

१५ सप्टेंबर, रविवार

तक्त्यातला पहिला रविवार. द्वादशी, नऊची भरती. आठवड्यापूर्वीच घरच्या कॅलेंडरवर निळी खूण केलेली, त्यामुळे काल रात्री काही बोलावंच लागलं नाही, हेच मला सगळ्यात आवडलं.

सव्वासहाला भाट्ये. काजळी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे खाडीच्या तोंडाशी वाळू दर पावसाळ्यात बदलते, म्हणून पहिली दहा मिनिटं गरी न टाकता नुसता चाललो, कुठे खळगा पडलाय, कुठे लाट फुटत नाही ते बघितलं. पाणी अजून लालसर पण खारं वर यायला लागलंय. मुडदुशी चढत्या पाण्याबरोबर अगदी पायाजवळ येते, लांब फेकायची गरजच नसते, आणि बारीक टकटक करते. तळण्यापुरत्या मिळाल्या. सव्वाआठला गुंडाळलं तेव्हा पाणी अजून चढत होतं आणि मासा लागतही होता, पण निघालो. हा सगळा प्रकल्प त्या निघण्यावर उभा आहे. मी सांगितलेल्या वेळेला घरी आलो तर पुढची निळी खूण टिकते.

मुलीचा स्कॉलरशिपचा क्लास दहाला, तिला मीच सोडलं. दुपारी मुडदुशीचं तिखलं आणि भात.

२२ सप्टेंबर, रविवार

आज पंचमी, पावणेचारची भरती, म्हणजे सकाळी सहा ते नऊ उतरतं पाणी. माझ्या वेळेला तिथे काही नाही.

तक्ता डिसेंबरपर्यंत पुढे नेला आणि एक गोष्ट हाताला लागली. भरतीचं चक्र साधारण पावणेपंधरा दिवसांचं. एक सोडून एक रविवार चौदा दिवसांनी येतो. म्हणजे एक रविवार चांगला असेल तर मधला वाईट आणि त्याच्या पुढचा परत चांगला, फक्त दर वेळी भरती साधारण पस्तीस चाळीस मिनिटं आधी. १५ सप्टेंबर, २९ सप्टेंबर, १३ ऑक्टोबर, २७ ऑक्टोबर, सगळे दशमी ते द्वादशीच्या आसपास पडतायत. एक रविवार सोडून एक. निसर्गानेच वाटणी करून दिली आहे, एक रविवार पाण्याचा, एक घराचा.

बायकोला हे दाखवलं तर तिने लगेच पेन घेतलं आणि मधल्या रविवारांवर हिरवी खूण केली. तिला हार्मोनियम शिकायला जायचंय, गेल्या वर्षीपासून म्हणतेय, गुरुजी रविवारी सकाळीच शिकवतात. हिरव्या रविवारी सकाळी घर, नाश्ता, मुलं, आईचं पथ्य सगळं माझ्याकडे. आज पहिला वर्ग झाला. घरी येऊन सा रे ग म चाललंय आणि मुलगा मधेमधे बोटं घालतोय. माझ्या वेळेचा प्रश्न सोडवायला बसलो होतो, पण घरात वेळ फक्त मलाच कमी पडत नव्हता, आणि तिचा रविवार मोकळा झाला याचा मला माझ्या रविवारापेक्षा जास्त आनंद आहे.

२९ सप्टेंबर, रविवार

निळी खूण, पण शटडाऊन आला. बेअरिंग बदलायचं होतं, सकाळी सातला आत. मेंटेनन्सवाल्याला यावर काही बोलायचं नसतं, चालू दिवशी मशीन थांबवता येत नाही.

पण द्वादशीला रात्रीची भरतीही नऊ सव्वानऊची. साडेसहाला सुटलो, घरी फोन केला, "जेवायला साडेनऊ होतील, चालेल?" चालेल म्हणाली. बॅग दारामागे असल्यामुळे मुलीने खाली आणून दिली, वर चढलोच नाही. मांडवी जेटीवर सात ते पावणेनऊ. तिथे मिरकरवाड्यातले एक चाचा नेहमी असतात, बोटीवर आयुष्य गेलं, आता बोट मुलं चालवतात आणि ते हौसेने हातगरी घेऊन बसतात. मी विचारलं, तुम्हाला तर आता वेळच वेळ, रोज येत असाल. म्हणाले, "रोज येऊन काय करू? पाणी बघून येतो. भांगाला नातवंडांत बसतो." ज्यांचं पोटच समुद्रावर चाललं तेही असंच करतात.

दगडाच्या कडेला जिवंत कोळंबी सोडली होती, साडेआठला तांबोशीने रॉड वाकवला. तांबोशी लागली की पहिल्या दोन सेकंदांत दगडात शिरायला बघते, तिथे ढील दिली की लीडर कापलाच. ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट ठेवला होता. एक किलोच्या आतबाहेर असेल. चाचांनीच जाळीने उचलून दिली.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा. आज निळी खूण, पण पहाटेपासून परतीचा पाऊस, विजा. कार्बनचा रॉड हातात धरून विजेत मोकळ्या किनाऱ्यावर उभं राहायचं नाही, यावर चर्चा नाही. झोपलो. बाबांचं ऑपरेशन या आठवड्यात झालं, दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, वेळा फ्रिजवर लावल्यात.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. दिवाळीचे दिवस आधीच लाल करून ठेवलेले, गरी नाही. फराळ, सासुरवाडीला सांगली, आंबा घाटातून येऊन जाऊन. २७ तारखेला सकाळी भाट्याला जाऊन आलो होतो, तेवढ्यावर दिवाळी निवांत गेली. आधी अशा लांब सुट्टीत मला चुटपुट लागायची, आता पुढची तारीख माहीत असते त्यामुळे लागत नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान. मला सुट्टी, पण बायकोला बूथवर ड्यूटी, काल सकाळी साहित्य घ्यायला गेली ती आज रात्री उशिरा येणार. दोन दिवस घर पूर्ण माझ्याकडे. पंचमी, पावणेचारची भरती, म्हणजे दुपार. तक्त्यात असा दिवस कधी धरलाच नव्हता कारण दुपारी मी मोकळा नसतो.

सकाळी सगळ्यांनी मतदान केलं, आईला रिक्षाने नेऊन आणलं. आई म्हणाली, "तुम्ही जा, मी जरा पडते." मग बाबा आणि दोन्ही मुलांना घेऊन दीडला भाट्ये. सुरूच्या बनात सावली आहे, बाबांना तिथे चटई. ऊन होतं पण वारा होता. मुलाला हातगरी दिली, रॉड नाही, कारण बोटाला टकटक कळली पाहिजे, बाबा तसेच शिकले आणि त्यांनीच त्याला तंगूस कसं धरायचं ते दाखवलं. ऑपरेशननंतर बाबांना गाठ बारीक दिसते, हुक स्वतः बांधला त्यांनी, किती वर्षांनी. मुलाला एक मुडदुशी मिळाली आणि त्याने ती परत सोडायला साफ नकार दिला, ती घरी आली. मुलगी पुस्तक घेऊन आली होती, वाचलंही तिने, मग उठून पाण्यात गेली.

मुलं बरोबर असतात त्या दिवशी मी माझी गरी बाहेर काढत नाही, हा नियम आज केला. दोन्ही एकदम करायला गेलं की ना पाण्यावर लक्ष राहतं ना पोरांवर, आणि खाडीच्या तोंडाशी उतरत्या पाण्याला जी ओढ असते तिच्याजवळ पोरं असताना डोळे दुसरीकडे नकोत. चारला पाणी पडायच्या आत निघालो.

१० डिसेंबर, मंगळवार

दशमी. दिवस लहान झालेत, साडेपाचला सुटून जेटीवर पोचेपर्यंत दिवस मावळायला येतो. पण चढतं पाणी, थंड हवा, दिव्याखाली बारीक मासळी गोळा होते आणि तिच्यामागे टोळ. पावणेसहा ते सव्वासात. आठ वाजता मुलीचं गणित घ्यायला घरी. उद्या मोक्षदा एकादशी, परवा मार्गशीर्षातला गुरुवार, त्यामुळे आज आणलेलं आजच संपवायचं होतं, एक टोळ ठेवला आणि बाकीचे चाचांना.

एक मुद्दा नोंदवून ठेवतो. खडकावर एकट्याने जायचं नाही, विशेषतः अंधारात. जेटी, वाळू, इतकंच. जिथे जातोय ती जागा घरी सांगून जायची, नुसतं "समुद्रावर" नाही. घरच्यांना माझी वाट बघताना काळजी लागली तर हे वेळापत्रक कितीही सुबक असलं तरी काय उपयोग.

२२ डिसेंबर, रविवार

नवीन वर्षाचं कालनिर्णय आलं. आज पाचजण मिळून बसलो, बाबा तिथी वाचतायत, मुलगी पाऊणपट करतेय, बायकोकडे पेन, मुलगा कडेला मासे काढतोय.

भरती दर पंधरवड्याला थोडी थोडी आधी सरकत गेल्यामुळे आता सप्टेंबरवाले रविवार सप्तमी-अष्टमीला येऊन पोचले, आजचाच बघा, भांगाचं पाणी. आणि आत्तापर्यंतचे हिरवे रविवार चांगले व्हायला लागलेत: २९ डिसेंबर साडेदहा, १२ जानेवारी साडेदहा, २६ जानेवारी नऊ. म्हणजे निळे आणि हिरवे अदलाबदल करावे लागणार. तिने गुरुजींना फोन करून विचारलं, त्यांना दुसरा रविवार चालतो, पण १२ जानेवारीला वर्गातल्या सगळ्यांचं एकत्र वादन आहे, तो रविवार तिचाच राहील. मुलीची स्कॉलरशिप परीक्षा फेब्रुवारीत, तोपर्यंत शनिवार संध्याकाळ तिची, त्यात भरती कितीही चांगली असो.

२६ जानेवारीला भरती नऊची पण झेंडावंदन, तिघांनाही शाळेत जायचंय आणि मुलाचं कवायतीत नाव आहे, ते बघायला मी जाणार. त्या दिवशीची संध्याकाळची भरतीही नऊ सव्वानऊला. मांडवी जेटी, साडेसहा ते साडेआठ. बाबांनी यायचं म्हटलंय, त्यांच्यासाठी फोल्डिंग खुर्ची आणि स्वेटर. निळी खूण केली.